मधाची कोठी व पिलांची कोठी

गेल्या चैत्रात महाबळेश्वराच्या डोंगरातील एका खेड्यात मधमाश्या पाळण्याचे एक दिवसाचे प्रत्यक्ष शिक्षण झाले, त्यास आम्ही गेलो होतो. जाण्याचे कारण वाचकांपासून लपवीत नाही. आदल्या वर्षी आमच्या परसातील एकुलती एक पेटी रिकामी झाली होती. सातेरी माश्या सर्वच्या सर्व निघून गेल्या, आणि त्याचा दोष आम्ही पावसास, मुंगळ्यांस, फार काय शेजाऱ्यांच्या फवारणीसही दिला.

शिकविणाऱ्या बाई त्याच गावच्या. त्यांनी व्याख्यान दिलेच नाही. भाता लावलेला धुराचा डबा पेटवून आमच्याच हाती दिला. धूर थंड असावा, दोन-तीन फुंकी पुरेत. माशी डसली की नांगीपाशी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो व इतर माश्या चवताळतात. धुराने तो वास झाकला जातो. रुतलेली नांगी चिमटीने काढावी की नखाने खरवडावी, ह्या वादात वेळ दवडू नये, कारण विष आत जातच असते. अंगावर गांधी उठून श्वास कोंडू लागला, तर मात्र घरगुती उपाय न करिता तडक दवाखाना गाठावा.

मग चौकट उचलणे. हे वाचून येत नाही. आम्ही ती ताटासारखी आडवी धरली, तोच बाईंनी आमचे मनगट धरिले. मधाने जड झालेले कोवळे पोळे आडवे धरिल्यास आपल्याच भाराने मोडते. ते उभेच धरावे व उभेच फिरवावे. ऊन पाठीशी घेऊन पाहता घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी दिसली. राणी काही सापडेना.

"राणी कशाला धुंडाळता?" बाई म्हणाल्या. "अंडे तीन दिवसांत फुटते. अंडी दिसली, म्हणजे तीन दिवसांच्या आत ती येथे होती."

चौकटी अशा सुट्या निघतात, ह्याचे श्रेय अमेरिकेतील पाळक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ ह्यांस आहे. पाव ते तीन अष्टमांश इंचाची फट राखिल्यास माश्या ती बुजवीत नाहीत, वाट म्हणून मोकळी ठेवितात, ह्याचा उपयोग त्यांनी 1851 साली ओळखिला. एवढ्याशा फटीमुळे पोळे न मोडता मध काढिता येऊ लागला.

पेटी मिटताना बाईंनी सहज विचारिले, "गेल्या साली खालचा मध काढला होता काय?"

काढिला होता. खालच्या कोठीत पिले असतात व त्यांच्या सभोवती त्यांच्या अन्नाचा मध. आपल्या वाट्याचा तो वरच्या कोठीतला. जांभूळ-हिरड्याचा बहार सरल्यावर, ज्येष्ठाच्या तोंडी, आम्ही दोन्ही कोठ्या निपटून घेतल्या होत्या. पुढे झडीच्या पावसात माशीस ना बाहेर पडता येते, ना फूल मिळते. उपासमार झाली की सातेरी घर सोडिते. आमच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेजाऱ्यांस त्या रात्रीच जाऊन भेटलो.

ह्या खेपेस नवी वसाहत आणिली. वरचा, मेणाने झाकलेला मध तेवढा काढिला; न झाकलेला पातळ असून आंबतो, तो राहू दिला. आषाढात साखर व पाणी समभाग करून, माश्या बुडू नयेत म्हणून बशीत काड्या टाकून, संध्याकाळी पेटीत ठेवीत गेलो. पेटी अद्याप भरलेली आहे.