राजूरच्या भाच्यास, पोस्टरविषयी

प्रिय भाच्या,


भीमजयंतीला, १४ एप्रिलला होणाऱ्या दुय्यम कव्वालीसाठी तू केलेलं पोस्टर पाहिलं. मेहनत दिसते, पण गाणं दिसत नाही. वर शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, खाली मंडळाच्या सदस्यांची, आणि मधे उरलेल्या जागेत दोन्ही गायक कोंबलेले. त्यात प्रत्येक अक्षराला सोनेरी ग्रेडियंट, पांढरी आउटलाइन आणि मागून चमक. सगळंच चमकलं की नजर कशावरच ठरत नाही.

दुय्यममध्ये दोन पार्ट्यांचा सामना असतो, सवालाला जवाब असतो. तोच पोस्टरवर आण. दोन्ही चेहरे मोठे घे, एकमेकांकडे पाहणारे, निम्मं पोस्टर व्यापणारे. एक फोटो स्टुडिओतला, दुसरा मोबाइलवरचा, म्हणून ते जुळत नाहीत. पार्श्वभूमी इरेझरनं खोडू नकोस, लेअर मास्क लाव. म्हणजे कापले गेलेले केस परत आणता येतात. मग दोघांवर ग्रेडियंट मॅप टाक. सावलीला दोन्हीकडे एकच गडद निळा, उजेडाला एकाचा पिवळा, दुसऱ्याचा गुलाबी. फोटोंचे मूळ रंग निघून जातात आणि दोघं एकाच मंचावर आल्यासारखे वाटतात. हे सगळं फुकटच्या गिंपमध्येही होतं, महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून बसू नकोस. चेहरे समोरासमोर आणायला फोटो आडवा उलटवलास तर छातीवरच्या बिल्ल्यातली अक्षरं उलटी होतात, तेवढं बघ.

आपल्या राजुरात एकीकडे कोळशाची काळी धूळ, दुसरीकडे चुनाभट्ट्यांची पांढरी. फिकट पार्श्वभूमी आणि नाजूक नक्षी तिथे दोन दिवसांत मरते. रंगांचे मोठे, सपाट पट्टे ठेव.

आणि निळ्याची काळजी घे, कारण तो आपला रंग आहे. स्क्रीन प्रकाशानं रंग दाखवते, छपाई शाईनं. पडद्यावरचा झळाळता निळा छापल्यावर जांभळट होतो. फाइल सीएमवायकेमध्ये बदलून आकडे तपास: सायन १०० असेल तर मॅजेंटा ७०च्या वर जाऊ देऊ नकोस. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सला १०० डीपीआय पुरे, म्हणजे ७२०० बाय ४८०० पिक्सेल. हातात घेऊन वाचायच्या पत्रकाला मात्र ३०० हवेत. गायकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागव, नाहीतर ते दबून बारीक होऊन येतात.

आता अक्षरं. यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. ज्यांची गाणी त्या रात्री हमखास होतील ते वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तरुणपणी निरक्षर होते. एका मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली आणि पुढे दुकानांवरच्या पाट्या वाचत त्यांनी जोडाक्षरं पक्की केली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. आपण रस्त्यावर लावतो ती अक्षरं कुणीतरी असं एकेक जोडून वाचत असतं. तुझ्या पोस्टरवर 'कव्वाली'तला व्व फुटलाय आणि 'दिनांक'ची वेलांटी भलतीकडे गेलीय. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडल्याशिवाय देवनागरी अशीच मोडते. तो निवड, आणि फॉन्ट युनिकोडचाच घे. मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला 'यात्रा वन' फुकट मिळतो, शीर्षकाला शोभेल. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांसाठी काढलेली अक्षरं शोधून बघ. नाटकाचा स्वभाव त्या वळणांतच कळतो. एका पोस्टरवर दोन फॉन्ट बास.

शुभेच्छुकांचा प्रश्न अवघड आहे, मला ठाऊक आहे. त्यांनी वर्गणी दिली आहे, त्यांचा मान राहिलाच पाहिजे. मंडळातल्या मोठ्यांना आदरानं सांग की फोटोंचा वेगळा बॅनर मंडपाच्या दाराशी लावू. पोस्टरवर नावांची एक ओळ तळाशी येईल. बाबासाहेबांचा फोटो मात्र वर, एकटा, मोकळ्या जागेत असू दे. त्यावर कुठलाही इफेक्ट नको.

लेअर असलेली फाइल जपून ठेव, पुढच्या वर्षी लागेल. फ्लेक्सला देण्याआधी ए-फोरवर एक प्रिंट काढ, भिंतीवर चिकटव, दहा पावलं मागे जा आणि वाच. गायकांची नावं, तारीख, वेळ, ठिकाण, एवढं वाचता आलं तरच छापायला दे. सुधारलेली फाइल आधी मला पाठव.

तुझा,
मामा