बालकाच्या दाताभोवतीचा रक्तस्राव : उपचार केव्हा घ्यावेत?

“दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांची काळजी कशाला?” ही समजूत शहरात आणि खेड्यात सारखीच आढळते. त्यामुळे बालकाच्या दाताजवळून रक्त आले तरी पुष्कळदा दुर्लक्ष होते. वस्तुतः दुधाचे 20 दात अडीच-तीन वर्षांपर्यंत उगवतात आणि त्यांतील शेवटच्या दाढा बाराव्या वर्षाच्या सुमारास पडतात. अन्न चावणे, स्पष्ट उच्चार आणि कायम दातांची जागा राखणे ही कामे ते इतका काळ करीत असतात.

रक्त का येते?

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अस्वच्छता. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर साचतो. हिरडी लाल होऊन सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. रक्त दिसले की पालक ब्रश बंद करतात. मग थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. म्हणून अशा वेळी ब्रश थांबवू नये. मऊ ब्रशाने हलक्या हाताने दिवसातून दोनदा दात स्वच्छ करावेत. बहुधा आठ-दहा दिवसांत हिरडी सुधारते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दात हलून पडताना थोडे रक्त येणे स्वाभाविक आहे. दात उगवताना हिरडीवर निळसर फुगवटी दिसल्यास ती फोडू नये. बहुधा ती आपोआप नाहीशी होते. माशाचा काटा किंवा धान्याचे कूस हिरडीत रुतूनही रक्त येते.

मार लागल्यास

बालक पडून दाताजवळून रक्त आल्यास तोंड पाण्याने धुवावे आणि स्वच्छ ओल्या कापडाची घडी त्या जागी 10 मिनिटे सलग दाबून धरावी. मिश्री, तंबाखू किंवा चुना लावू नये. ॲस्पिरिन देऊ नये. निखळलेला दुधाचा दात पुन्हा बसवू नये, कारण खालच्या कायम दाताच्या अंकुरास इजा होऊ शकते. कायम दात निखळला असल्यास मात्र तो मुळाकडून न धरता वरच्या भागाने उचलावा, दुधात ठेवावा आणि शक्य तर अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. ही माहिती प्रत्येक शाळेत शिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

विलंब केव्हा करू नये?

दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, दात आत घुसला, सरकला किंवा तुटला असेल, चेहरा सुजून ताप आला असेल, तर त्याच दिवशी उपचार घ्यावेत. मार लागल्यानंतर बालक बेशुद्ध झाल्यास अथवा वारंवार ओकाऱ्या होत असल्यास प्रथम रुग्णालय गाठावे. नियमित स्वच्छता ठेवूनही दोन आठवड्यांनंतर रक्त येत असेल, हिरडीवर पुवाची पुळी आली असेल किंवा मार लागलेला दात काळसर पडला असेल, तर दंतवैद्याची भेट घ्यावी.

हिरड्यांबरोबर नाकातूनही रक्त येणे, अंगावर निळे-लाल डाग उठणे, बालक फिकट व निस्तेज होणे ही लक्षणे केवळ दातांची नव्हेत. रक्ताचे विकार किंवा डेंगीसारखा ताप यांत ती दिसतात. अशा बालकास तातडीने वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावे.

गावपातळीवरील जबाबदारी

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील बालकांची तपासणी होते. तीत दातांचे विकारही समाविष्ट आहेत. पथक गावात येईल त्या दिवशी प्रत्येक बालक हजर राहील, हे शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांनी पाहावे. पुढील उपचारासाठी चिठ्ठी मिळालेले बालक रुग्णालयात खरोखर पोहोचले की नाही, याचीही चौकशी व्हावी. चिठ्ठी घरातच पडून राहिली, तर तपासणीचे श्रम वाया जातात आणि दुखणे मात्र बालकाच्या वाट्यास येते.