घटक ६ : क्षेत्रकार्यासाठी सुलभ ध्वनिमुद्रकाची निवड

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• सुलभ ध्वनिमुद्रकाचे निकष सांगता येतील.
• ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता आणि भाषाभ्यास यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या गरजेनुसार उपकरण पारखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीच्या संकलनाची पद्धती पाहिली. जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या वृद्ध निवेदिकेची भेट पुन्हा होईलच, याची शाश्वती नसते. ते बोलणे टिकते ते ध्वनिमुद्रणातच. आपल्यापैकी जे विद्यार्थी दृष्टिहीन वा अल्पदृष्टी आहेत, त्यांच्यासाठी तर हे उपकरण वही, लेखणी आणि पाठ्यपुस्तक या तिन्हींचे काम करते. म्हणून त्याची निवड हा अभ्यासाचाच भाग समजावा.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ सुलभतेचे निकष

ज्या उपकरणाचे प्रत्येक आवश्यक कार्य पडद्याकडे न पाहता करता येते, ते उपकरण सुलभ होय. त्यासाठी बोटांना वेगवेगळी जाणवणारी बटणे, मुद्रण सुरू झाल्याची व थांबल्याची ऐकू येणारी खूण, आणि यादी, फाइलचे नाव व बॅटरीची स्थिती बोलून सांगण्याची सोय हवी. यांपैकी दुसरा निकष सर्वांत महत्त्वाचा. मुद्रण चालू आहे की थांबले आहे याची खात्री नसेल, तर तासाभराची मुलाखत हातची जाते.

खरेदीपूर्वी दुकानातच एक कसोटी घ्यावी. पडद्याकडे न पाहता उपकरण सुरू करणे, मुद्रण करणे, ते थांबवणे, तेच पुन्हा ऐकणे आणि नको असलेली फाइल काढून टाकणे ही पाच कामे करून पाहावीत. एकाही कामात दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत लागली, तर ते उपकरण आपल्यासाठी अपुरे आहे.

६.३.२ मुद्रणाची गुणवत्ता

मराठीत 'जग' (विश्व) आणि 'जग' (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांचे लेखन एकच असले तरी उच्चार भिन्न आहेत. पहिला 'ज' तालव्य, तर दुसरा दंतमूलीय आहे. अशा घर्षणयुक्त ध्वनींची बरीच ऊर्जा उच्च वारंवारतेत असते. सेकंदाला ८,००० नमुने घेणारे मुद्रण ४,००० हर्ट्‌झच्या वरचा भाग टिपूच शकत नाही. बोलीच्या अभ्यासासाठी ४४,१०० नमुने व १६ बिट ही मर्यादा किमान मानावी.

फाइलचा प्रकार शक्यतो 'वेव्ह' असावा. एकमार्गी मुद्रणाच्या एका तासाला सुमारे ३२० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर जवळजवळ १०० तास मावतात. १२८ किलोबिट दराच्या एमपीथ्री फाइलला तासाला सुमारे ५८ मेगाबाइट पुरतात. परंतु संकोचनात ध्वनीचा काही तपशील कायमचा गळतो. व्याख्यानाची टिपणे घेण्यास ती चालेल. उच्चारांच्या विश्लेषणास नव्हे.

६.३.३ श्रवण-वाचनाची सोय

केवळ गाणी वाजवणारे उपकरण ग्रंथवाचनास उपयोगी पडेलच असे नाही. 'डेझी' या प्रमाणपद्धतीतील ग्रंथात प्रकरण, उपप्रकरण वा पृष्ठ यांनुसार थेट हव्या त्या ठिकाणी जाता येते. ३०० पृष्ठांच्या ग्रंथातील एक संदर्भ शोधताना हा फरक जाणवतो. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील ग्रंथ मिळतात. व्हिक्टर रीडर स्ट्रीमसारख्या उपकरणात डेझी-वाचन व मुद्रण दोन्ही एकत्र येतात. मात्र मजकूर-फाइली मराठीतून वाचून घ्यायच्या असतील, तर मराठी उच्चारक उपलब्ध आहे का, हे आधी तपासावे.

६.३.४ मोबाइल की स्वतंत्र उपकरण?

अँड्रॉइड मोबाइलमधील 'टॉकबॅक' पडदा वाचून दाखवते. त्यामुळे वेगळा खर्च न करताही आरंभ करता येतो. अडचणी दोन आहेत : मध्येच येणारा फोन आणि मुद्रणात मिसळणारा टॉकबॅकचा आवाज. फोन विमान-स्थितीत ठेवावा व इअरफोन वापरावा. वारंवार क्षेत्रकार्य करणाऱ्याने मात्र बाह्य मायक्रोफोन जोडता येणारे स्वतंत्र उपकरण घ्यावे.

६.४ सारांश

किंमत वा नाममुद्रा यांपेक्षा गरज आधी ठरवावी. उपकरण स्वतंत्रपणे हाताळता येणे, ध्वनीचा तपशील टिकणे आणि ग्रंथात हवे तेथे पोहोचता येणे, या तीन कसोट्या होत. निवेदकाची संमती घेऊन ती मुद्रणाच्या आरंभीच नोंदवावी आणि त्याच दिवशी फाइलची दुसरी प्रत करावी.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सुलभ ध्वनिमुद्रकाचे तीन निकष सांगा.
२. दंतमूलीय 'ज'च्या अभ्यासास कमी नमुना-दराचे मुद्रण का पुरत नाही?
३. उपक्रम : घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे, तिच्या संमतीने, पाच मिनिटांचे बोलणे पडद्याकडे न पाहता मुद्रित करा आणि आलेल्या अडचणी नोंदवा.