निळे ओठ आणि सेफ्टी ऑफिसर

काही वर्षांपूर्वीची, पावसाळ्यातली संध्याकाळ. दवाखाना भरलेला होता. खालापूरकडच्या एका कारखान्यातून दोघा सोबत्यांनी पंचविशीच्या एका तरुणाला रिक्षातून आणले. डोके ठणकत होते, चक्कर येत होती आणि ओठ व नखे शाईत बुडवल्यासारखी निळी पडली होती. छातीत दुखत नव्हते, फुप्फुसे तपासली तर स्वच्छ. प्राणवायू लावला तरी रंग बदलेना.

"कशावर काम करत होता?" मी विचारले.

"ड्रम धुवत होता, डॉक्टर. अंगावर थोडं सांडलं. कसलं तरी सॉल्व्हंट होतं."

"त्याचं नाव काय?"

दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कारखान्यात फोन लावला. पाळीवरच्या सुपरवायझरलाही नाव सांगता येईना. सेफ्टी ऑफिसर आहे का, म्हणून विचारले, तर "आमच्याकडे ती पोस्ट नाही" असे उत्तर मिळाले. मी त्या मुलाचे भिजलेले कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवायला लावले आणि मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी गाडी बोलावली. दरम्यान एक सोबती मोटरसायकलने परत गेला आणि ड्रमवरचे लेबल फाडून घेऊन आला. त्यावर लिहिले होते, ॲनिलिन.

रंग आणि औषधे बनवायला लागणारे हे रसायन नुसत्या कातडीतूनही शरीरात शिरते. रक्तातले हिमोग्लोबिन ते असे बदलून टाकते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. म्हणून नळीतून प्राणवायू दिला तरी ओठ निळेच राहतात. यावर उतारा आहे. मिथिलीन ब्लू नावाचे औषध शिरेतून सावकाश द्यावे लागते. मी रुग्णालयाला फोनवर नाव कळवले, त्यांनी औषध तयार ठेवले आणि मुलगा वाचला. पण एका नावासाठी आमचा पाऊण तास गेला होता. ते नाव कारखान्यातल्या एका माणसाला तोंडपाठ असायला हवे होते.

हा माणूस कोण?

कारखान्यातले धोके आधी ओळखणारा, कामगारांना शिकवणारा आणि अपघात झालाच तर डॉक्टरला नेमकी माहिती देणारा माणूस म्हणजे सेफ्टी ऑफिसर. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि हजार किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत, तसेच सरकारला धोक्याच्या वाटणाऱ्या उद्योगांत, हे पद आले. महाराष्ट्राने त्यासाठी १९८२ मध्ये स्वतंत्र नियम केले.

त्या नियमांचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. इंजिनिअरिंगसारखे तांत्रिक शिक्षण हवे, कारखान्यात देखरेखीच्या कामाचा अनुभव हवा, औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त पदविका अभ्यासक्रम झालेला हवा आणि बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. हा अभ्यासक्रम मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतही चालतो. शिवाय, सुरक्षेच्या कामाला बाधक ठरेल असे दुसरे काम त्याच्यावर लादायचे नाही. गेटवरच्या वॉचमनला किंवा स्टोअरकीपरला पांढरे हेल्मेट घातले म्हणून तो सेफ्टी ऑफिसर होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यानुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रिया चालत असेल तर २५० कामगारांपासून, सेफ्टी ऑफिसर नेमणे बंधनकारक आहे.

लहान कारखान्याचे काय?

माझ्या त्या रुग्णाच्या कारखान्यात साठ-सत्तर माणसे होती. म्हणजे सेफ्टी ऑफिसर न नेमून त्यांनी कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. खरी मेख इथेच आहे. विष माणसे मोजून चढत नाही. पाताळगंगा, खोपोली, कर्जत या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान कारखानेही पुष्कळ आहेत. वाड्यावस्त्यांवरची मुले तिथे कंत्राटदारामार्फत जातात आणि ड्रम, टाक्या धुण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

मात्र आकडा कमी म्हणून सगळी जबाबदारी सुटत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला वायुगळती झाली, तेव्हा हजारो रुग्ण समोर असताना तिथल्या डॉक्टरांना विषाची नीट माहिती मिळत नव्हती. तो धडा घेऊन १९८७ साली कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याने कामगारांना धोक्याची माहिती द्यावी, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात, कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करावी, रसायने हाताळण्यावर जाणकार माणसाची देखरेख ठेवावी, ही तत्त्वे त्यातून आली. नव्या संहितेतही ती आहेत. पदाचे नाव काहीही असो, प्रत्येक पाळीला असा एक जाणकार हजर हवा.

आपल्याच जिल्ह्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. धोका दूरच्या गावचा आहे असे समजण्यात अर्थ नाही.

आम्हा डॉक्टरांची चूक

दोष फक्त मालकांचा नाही. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कामामुळे होणारे कातडीचे विकार अशा ठरावीक व्यवसायजन्य रोगांचा रुग्ण आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला लेखी कळवले पाहिजे, असे जुना कायदा सांगत होता आणि नवाही सांगतो. आमच्यापैकी किती जण ते करतात? मी स्वतः कित्येक वर्षे हाताच्या पुरळावर मलम लिहून दिले आणि "काम कुठे करतोस?" हे विचारलेच नाही. आता केसपेपरवर नावाखाली तो रकाना ठेवला आहे.

लक्षात ठेवा

१. आपण कोणते रसायन हाताळतो, त्याचे नाव विचारून घ्या आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

२. अपघातग्रस्ताबरोबर ड्रमचे लेबल किंवा त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक दवाखान्यात आणा. मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल.

३. अंगावर रसायन सांडले तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा-वीस मिनिटे डोळे धूत राहा.

४. टाकीत कोणी बेशुद्ध पडला तर श्वसनसाधनाशिवाय मागोमाग उतरू नका. वाचवायला गेलेलेही असेच दगावतात. मदत बोलवा, १०८ क्रमांकावर फोन करा.

५. लहान कारखानदारांना विनंती. पूर्ण पगाराचा सेफ्टी ऑफिसर परवडत नसेल तर प्रत्येक पाळीतल्या एका माणसाला तरी नीट शिकवून तयार करा आणि प्रत्येक रसायनाचे माहितीपत्रक मराठीत करून दर्शनी भागात लावा.

तो मुलगा बरा झाल्यावर भेटायला आला होता. म्हणाला, "डॉक्टर, आता ड्रम उघडायच्या आधी नाव वाचतो." इंग्रजी अक्षरे तो एकेक जुळवून वाचतो. ते लेबल मराठीत असते, तर त्याचे काम किती सोपे झाले असते!