शिवी आणि तिचे औचित्य

चित्रपटांत आणि विशेषतः वेब मालिकांत शिव्यांचा अतिरेक झाला आहे, ही तक्रार बहुधा नीतीच्या अंगाने मांडली जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. म्हैसूर येथे १९६९ पासून भारतीय भाषांचा जो अभ्यास चालू आहे, त्यात या उपेक्षित विषयालाही स्थान असावयास हरकत नसावी.

मराठीतील ‘आयला’, ‘च्यायला’ हे उद्गार पाहावेत. मूळ शिवीतील क्रियापद गळाले, सर्वनाम झिजून त्याचा ‘च्या’ तेवढा क्वचित उरला, आणि आईचे विभक्तिरूप मागे राहिले. आता ते आश्चर्य, वैताग, प्रसंगी कौतुकही व्यक्त करते. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी आई नसते. अतिवापराने शिवी अशी निःसत्त्व होते. अतिरेकाविरुद्धचा खरा आक्षेप येथे आहे.

मम्मटाने अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा व अमंगल असे तीन प्रकार मानले, पण वक्ता व प्रसंग यांच्या औचित्याने दोषही गुण होतो, हेही सांगितले. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या विजय तेंडुलकरांच्या नाटकास ही कसोटी लावून पाहावी. सखारामची शिवराळ भाषा लक्ष्मीच्या देवभोळ्या सोशिकपणावर आदळते; चंपा मात्र स्वतःच शिव्या देणारी आहे. त्यामुळे त्याच भाषेचे वजन दोन्ही संसारांत निराळे पडते. शब्द गाळले तर स्वभावचित्रण सौम्य होईल एवढेच नव्हे, दोन स्त्रियांमधील हा भेदच पुसट होईल. परिनिरीक्षण मंडळाशी झालेल्या झगड्यात दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयापर्यंत गेले, ते म्हणूनच सार्थ वाटते. याउलट गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये मालवणी शिवी सलगीची खूण होते; मच्छिंद्र कांबळींच्या तोंडी ती कोणास बोचली नाही.

कायद्याने हा प्रश्न बराचसा सोडविला आहे. ‘बँडिट क्वीन’ प्रकरणी (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने रस्तोरस्ती कानी पडणाऱ्या शिव्यांचा फार बाऊ करण्याचे नाकारले; ‘कॉलेज रोमान्स’ या मालिकेसंबंधी २०२४ मध्ये शिवराळपणा म्हणजे अश्लीलता नव्हे, असा निर्वाळा दिला. निर्णय योग्यच आहेत. परंतु गुन्हा नसलेली शिवी कलादृष्ट्या आवश्यक ठरते असे नाही, आणि तेथे न्यायालयाचा इलाज चालत नाही. अनेक मालिकांत पोलीस, गुंड व महाविद्यालयीन मुले हिंदीतील त्याच चार-पाच शिव्या त्याच ठेक्यात उच्चारतात. बोली, जात, वय, नाते यांपैकी काहीच त्यांतून कळत नाही. वास्तवाच्या नावाने आलेली ही भाषा वास्तवात कोणाचीच नसते. (वऱ्हाडातला माणूस आणि कोल्हापूरचा माणूस एकसारखा रागावत नाही, हे लेखकांना ठाऊक नसेल काय?)

२०१५ मध्ये चित्रपट प्रमाणन मंडळाने वर्ज्य शब्दांची यादी काढली व ती वादग्रस्त ठरली. अशा यादीचा पाया हा की, अपमान शब्दातच साठविलेला असतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मधील शीर्षकशब्द कैकाडी भाषेतला, अर्थ डुक्कर. कोशाच्या दृष्टीने हे साधे नाम. पण गावातील मुले तेच जब्याच्या घराण्यावर फेकतात, तेव्हा त्यात पिढ्यांची अस्पृश्यता उतरते. अखेरीस जब्या भिरकावतो तो दगड त्या एका नामाला दिलेले उत्तर आहे.