पानिपतची लढाई संक्रांतीला झाली होती का?

प्रश्न : पानिपतची तिसरी लढाई 14 जानेवारी 1761 रोजी, म्हणजे ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सणाच्या दिवशी लढाई कशी केली असेल, असा प्रश्न घरातली मुले विचारतात. काय सांगावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुलांना सांगा की तारीख बरोबर आहे, सण मात्र चुकला आहे. लढाई 14 जानेवारीलाच झाली, वार बुधवार होता. पण त्या वर्षीची संक्रांत चार दिवस आधी, 10 जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. हे कसे, ते पाहू.

आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीने येतात. म्हणून गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. संक्रांतीला तिथी नाही. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. इंग्रजी वर्षही सूर्याचेच, त्यामुळे संक्रांत दरवर्षी त्याच तारखेला येते असे वाटते. भिंतीवरच्या कॅलेंडरातही आयुष्यभर 14 जानेवारीच्या चौकटीत तिळगूळ दिसतो. साहजिकच आपण तोच तिळगूळ 1761 च्या चौकटीतही नेऊन ठेवतो.

गोम अशी की ही दोन वर्षे तंतोतंत सारखी नाहीत. इंग्रजी वर्ष ऋतूंशी जुळवलेले असून त्याची लांबी 365 दिवस, 5 तास, 49 मिनिटे आहे. आपल्या पंचांगातले राशींचे गणित ताऱ्यांच्या संदर्भाने होते. ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याची एक फेरी पुरी व्हायला 365 दिवस, 6 तास, 9 मिनिटे लागतात. फरक जेमतेम 20 मिनिटांचा आहे; पण तो दरवर्षी साठत जातो आणि 72 वर्षांत त्याचा पुरा एक दिवस होतो. तेवढी संक्रांत पुढे सरकते.

1761 ते 2000 ही 239 वर्षे झाली. त्यात सव्वातीन दिवसांचा फरक पडला. शिवाय लीप वर्षाच्या चक्रामुळे संक्रांतीची वेळ दर चार वर्षांत थोडी मागेपुढे होत असते. दोन्ही हिशेब धरले की 1761 ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते.

गणितावर विश्वास बसत नसेल तर एक साधा पुरावा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा. त्या दिवशी मकरसंक्रांत होती, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. आज 12 जानेवारीला आपण युवा दिन साजरा करतो आणि संक्रांत त्यानंतर दोन-तीन दिवसांनी येते. 2024 साली तर ती 15 तारखेला होती.

आता कोणी विचारील, ‘पण 14 जानेवारी ही तारीख तरी पक्की कशावरून?’ शंका रास्त आहे. मराठे तेव्हा इंग्रजी तारीख लिहीत नव्हते. त्यांच्या हिशेबाने तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके 1682. इंग्रजी तारीख आपण त्यावरून काढलेली आहे. अशा वेळी जुनी इंग्रजी कालगणना की नवी, हे पाहावे लागते. इंग्रजांनी 1752 मध्ये कॅलेंडर बदलले आणि 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर मोजला. पानिपत त्यानंतरचे, त्यामुळे तिथे घोळ नाही. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख मात्र जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने तो दिवस 16 जून येतो.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र दिवस मावळताना डोक्याजवळ असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे लढाई मोडल्यावर जे जीव घेऊन निघाले, त्यांच्या वाटेवर निम्मी रात्र चांदणे होते. पळणाऱ्याला वाट दिसली, तशी पाठलाग करणाऱ्यालाही दिसली.

राहिला मुलांचा मूळ प्रश्न : तोच दिवस का? सणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, संबंध होता पोटाशी. ऑक्टोबर 1760 अखेर अफगाण बादशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. मराठ्यांनी पानिपतला खंदक खणून तळ दिला. डिसेंबरात रसदेची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. तळावर लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगेही होते. दाणा संपला, वैरण संपली. उपाशी मरण्यापेक्षा कोंडी फोडून यमुनेकडे निघावे, असे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी ठरवले आणि 14 तारखेच्या सकाळी फौज तळ सोडून निघाली. दुपारी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले आणि फौजेचा धीर सुटला.

तेव्हा स्मरण करायचे तर 14 जानेवारीला करा, नाही तर पौष शुद्ध अष्टमीला करा, दोन्ही बरोबर. अष्टमी मात्र जागा बदलते : 2024 मध्ये ती 18 जानेवारीला होती, 2025 मध्ये 7 जानेवारीला. फक्त ‘संक्रांतीच्या दिवशी’ असे भाषणात म्हणू नका. तसेही 2100 हे लीप वर्ष नसल्यामुळे बाविसाव्या शतकात संक्रांत 15 किंवा 16 जानेवारीला येऊ लागेल. तुमच्या पणतवंडांना हा प्रश्न पडणारच नाही. ती बहुधा लढाई सणाच्या आदल्या दिवशी झाली म्हणून वाद घालतील, तेव्हा हे कात्रण त्यांच्यासाठी जपून ठेवा.