'इकानाक्या' म्हणजे जायचं की नाही?

मागच्या सेमिस्टरला आमच्या डिपार्टमेंटमध्ये दोन जपानी पाहुणे आले होते. मी जपानीचा क्लास करते, म्हणून मला त्यांच्यासोबत उभं केलं होतं. लॅब बघून झाल्यावर एक जण घड्याळाकडे बघत दुसऱ्याला म्हणाला, "मो इकानाक्या." मला 'इका' म्हणजे जाणे आणि 'ना' म्हणजे नाही, एवढंच कळलं. मी ऐटीत सांगितलं, "सर, ते इतक्यात जात नाहीयेत." सरांनी लगेच चहा मागवला. पाहुणे बिचारे उभ्याउभ्या गरम चहा घशात ओतून पळाले!

रात्री होस्टेलवर पुस्तक काढून बसले तेव्हा उलगडा झाला. पूर्ण वाक्य होतं, 'इकानाकेरेबा नारानाइ'. म्हणजे 'गेल्याशिवाय चालायचं नाही', थोडक्यात 'जायलाच हवं'. बोलताना मागचा अर्धा भाग गाळतात आणि उरतं 'इकानाक्या'. मी अर्थ बरोबर उलटा सांगितला होता.

याला अशुद्ध जपानी म्हणू नका. आपण तरी 'जेवतो आहे' कुठे म्हणतो? 'जेवतोय' म्हणतो. जपानीतही तेच होतं. आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला हे इंग्लिशपेक्षा सोपं जातं. बघा:

१) तेरु: 'ताबेते इरु' म्हणजे खातो आहे. 'इ' गळला की 'ताबेतेरु', आपलं 'खातोय'.

२) च्याउ: 'शिमाउ' हे क्रियापद आपल्या 'टाकणे' किंवा 'बसणे'सारखं जोडतात. 'ताबेते शिमात्ता'चं होतं 'ताबेच्यात्ता', खाऊन टाकलं. 'वासुरेते शिमात्ता'चं 'वासुरेच्यात्ता', विसरून बसले! 'ते'च्या जागी 'दे' असेल तर 'ज्या' होतो. 'नोन्दे शिमात्ता'चं 'नोन्ज्यात्ता', पिऊन टाकलं.

३) तोकु: 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'शिते ओकु'चं 'शितोकु', करून ठेवतो.

४) नाक्या: हा आमचा चहावाला. याचा भाऊ 'नाकुच्या'. 'इकानाकुच्या' म्हणजेसुद्धा जायलाच हवं.

एक खड्डा मात्र आहे. 'ताबेच्या दामे' यात 'शिमाउ' नाही. ते 'ताबेतेवा दामे'चं छोटं रूप, म्हणजे 'खायचं नाही'. म्हणून 'च्या' ऐकल्याबरोबर अर्थ लावू नका, पुढचा शब्द येऊ द्या.

मग हे सगळं लगेच बोलायला लागायचं का? नाही. मित्रांमध्ये चालतं. पण इंटरव्ह्यूत किंवा सरांना 'नाक्या' म्हणणं बरं दिसत नाही, आणि ऑफिसच्या मेलमध्ये तर पूर्ण रूपंच लिहायची. जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा पेपर नसतो, ऐकण्याचा असतो. तेव्हा आधी कान तयार करा, तोंड नंतर.

माझी पद्धत साधी आहे. अ‍ॅनिमे बघताना असा शब्द आला की पॉज करायचं, वहीत लिहायचा आणि समोर त्याचं पूर्ण रूप मांडायचं. रोज ५ शब्द पुरतात. पूर्ण रूप सापडलं की अर्थ आपोआप सापडतो.

चला, निरोप घेते. निरोपाचं पूर्ण रूप 'देवा, माता'. देवाशी किंवा मातेशी त्याचा काही संबंध नाही! 'देवा'चं बोलताना 'ज्या' होतं. तेव्हा, ज्या, माता! आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना चहा विचारण्याआधी मी पूर्ण वाक्य विचारीन.